शिवप्पांच्या खोकल्यामागं कोण?

“नळदुर्गच्या किल्ल्याला एकशे चौदा बुरूज आहेत, आणि माझ्या मेंदूला एकशे पंधरा. गुन्हेगार कुठूनही येवो, एक बुरूज त्याच्याकडं बघत असतो!”

अशी स्वतःची ओळख करून देणारे गुप्तहेर कृष्णराज हे माझे दाजी. साखर कारखान्याच्या गेटवर पहारा केल्यामुळं आपल्याला माणसाच्या पिशवीवरून मन ओळखता येतं, असं ते सांगतात. मी सिद्धाराम, त्यांचा सहायक. माझी पात्रता एकच. मोटारसायकल माझी आहे.

आम्हाला घरी बोलावणाऱ्या प्रेमाबाईंनी ती ओळख शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाल्या, “बुरूज ऱ्हाऊ द्या. आमच्या मालकांचा खोकला बघा.”

त्यांचे मालक शिवप्पा, वय पंचाहत्तरीचं. दिवाळीपासून कोरडा खोकला. कफ नाही, ताप नाही. खोकल्याच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली. सगळं चांगलं निघालं, खोकला तेवढा निघाला नाही. गल्लीत टीबीची कुजबुज सुरू झाली, तशी शिवप्पांनी स्वतःच आपली बाज गोठ्यात नेली आणि ताट-तांब्या वेगळा केला. नात शिवप्रिया पळत आली, की ते हात आडवा धरून म्हणायचे, “लांब ऱ्हा गं बाळ.”

हे सांगताना प्रेमाबाईंनी पदर डोळ्याला लावला. दाजींनी भिंग डोळ्याला लावलं.

“सध्या काही औषध चालू आहे?” त्यांनी गोठ्यात जाऊन शिवप्पांना विचारलं.

“न्हाय. बाटल्या संपल्या. आता एकबी औषध न्हाय,” शिवप्पा खोकत म्हणाले.

“म्हणजे विष बाहेरून येतंय!”

पहिला संशय शेजारच्या मिरची कांडपावर. वास तपासायला दाजींनी थेट पोत्यात नाक घातलं. त्यानंतर बराच वेळ गोठ्यात दोघं खोकत होते. कांडपवाला म्हणाला, “ही मिरची परवा आली हो. दिवाळीपासून मशीन बंदच हुतं.”

दुसरा संशय म्हशीवर. खोकला आधीचा आणि गोठा नंतरचा, हे मी सांगून पाहिलं. पण दाजींनी म्हशीच्या तोंडाजवळ भिंग नेलंच. म्हशीनं माझंच म्हणणं जास्त स्पष्ट शब्दांत मांडलं. दाजी शेणातून उठले.

तिसऱ्या संशयासाठी त्यांनी सगळ्यांना अंगणात जमवलं.

“हा खोकला नाहीच! ही खूण आहे! शिवप्पा दोनदा खोकले की शेजारच्या लक्ष्मीबाई चहा घेऊन हजर. हे प्रेमप्रकरण आहे!”

मग लक्ष्मीबाई कडाडल्या, “मेल्या, म्हाताऱ्याचा घसा कोरडा पडतो म्हणून आल्याचा चहा देते! तुला देऊ का, अंगावर?”

प्रेमाबाईंनी नवऱ्याकडं खालून वरपर्यंत पाहिलं आणि त्यांना हसू आवरेना. “ह्यांचं प्रकरण? ह्यांनी लग्नात मलासुदिक नीट बघितलं न्हाय!”

शिवप्पा मात्र लालबुंद झाले. काठी उगारून उठले, आणि चक्कर येऊन मटकन खाली बसले.

“आरोपी कोसळला!” दाजी ओरडले. मी रिक्षा आणायला पळालो.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी पट्टा गुंडाळून पाहिलं. “बीपी वाढलंय. बीपीची गोळी घेता का?”

“घेतो की. रोज.”

दाजी उडालेच. “पण तुम्ही तर म्हणालात, एकही औषध नाही!”

“ते औषध व्हय?” शिवप्पांना दाजींची कीव आली. “औषध आजारी माणूस घेतो. ही रोजची गोळी हाय. सकाळच्या चहावाणी.”

“खोकल्याच्या डॉक्टरांनी विचारलं नव्हतं?” बाईंनी विचारलं.

“इचारलं की. त्यास्नीबी न्हाय म्हणलो.”

प्रेमाबाईंनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दिलं. पहिली गोळी लागू पडेना म्हणून दिवाळीच्या तोंडावर ही बदलून मिळाली होती.

पाकीट वाचून बाई हसल्या. “या जातीच्या गोळीनं काहींना असाच कोरडा खोकला लागतो. दुसरी लिहून देते. पण मनानं गोळी बंद करायची नाही हं. खोकला जायला काही आठवडे लागतील. आणि इथून पुढं कुठल्याही डॉक्टरकडं जाताना घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन जायच्या, रोजच्यासुद्धा.”

“मला सांसर्गिक काय न्हाय?” शिवप्पांनी हळूच विचारलं.

“काही नाही.”

ते नुसते टोपी काढून पुन्हा घालत राहिले.

बाहेर आल्यावर दाजी म्हणाले, “सिद्धाराम, त्या गोळीवर माझा पहिल्यापासून संशय होता.”

“तो कसा काय?”

“सगळ्या घरात तीच एकटी गप्प होती.”

महिन्याभरानं आम्ही समाचाराला गेलो. बाज घरात आली होती. शिवप्रिया आजोबांच्या मांडीवर बसून त्यांच्याच ताटातली भाकरी खात होती. प्रेमाबाई मात्र जांभयांवर जांभया देत होत्या.

“झोप झाली नाही का मावशी?” मी विचारलं.

“कशी व्हावी बाबा? इतके दिवस खोकला ऐकू यायचा, म्हंजे माणूस हाय हे कळायचं. काल रातभर आवाजच न्हाय. दोनदा उठले, नाकापुढं बोट धरून बघितलं.”

शिवप्पा नातीला घास भरवत म्हणाले, “दुसऱ्या बारीला म्या मुद्दाम दम रोखला हुता.”