घोड्यावरची खूण

"बापाचे डोळे मिटायच्या आत बंदूक बनवणाऱ्याचं नाव आणतो! नाही आणलं तर मिशी उतरवीन!" सुरतेतल्या गोडादऱ्याच्या चाळीत राघोनं छाती ठोकली.

त्याचा बाप, उखा लोहार, अंथरुणाला खिळला होता. आजोबांनी स्वतः घडवलेली ठासणीची बंदूक कधीच सरकारजमा झालेली. मागे उरला फक्त तिचा चाप. घरात त्याला घोडा म्हणत. गावाकडचे भाऊबंद म्हणायचे, बंदूक साहेबाची, उखाच्या बापानं चोरलेली! तो डाग पुसायलाच म्हातारा जीव धरून होता. "घोडावर मना बापनी खून शे, दखाडा त्यासले," एवढंच घोकायचा.

खूण म्हणजे नावच की! राघोनं चाप पांडेसऱ्याच्या कारखान्यात नेऊन यंत्रावर आरशासारखा घासला. नाव काही उगवलं नाही! मग भंगारवाल्यांच्या ग्रुपवर बोलून पाठवलं, "मनापान घोडा शे! त्यावर खून शे! कोनी शे, सांगा!"

आता सुरतेत घोडा म्हणजे गावठी पिस्तूल, आणि राघोच्या अहिराणी जिभेला 'ण' काही वळत नाही! संध्याकाळी पोलीस दारात.

"घोडो क्यां छे?"

"बाप के तकिये के नीचे, साहब!"

"अने खून?"

"उसी के ऊपर! मैं भी वही ढूंढ रहा हूँ!"

मरणाऱ्या माणसाची उशी उपसली. निघाली बोटभर लोखंडी आकडी! राघोच्या बायकोनं, अनुसयानं, रडत रडत सगळं सांगितलं, तसा हवालदार ओशाळला. गलक्यानं म्हातारा जागा झाला.

"खून सापडनी का रे?"

राघोनं आजोबांचं नाव ठोकून दिलं. "सापडनी, बापा! तुळशा लोहार! नाव लिखेल शे!"

"हा, हा, चोख्खुं लख्युं छे!" हवालदारानंही री ओढली.

म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "लिखेल? मना बापले अक्षर येत नव्हतं. तो तीन ठिपका मारे. मंग भाऊबंद खरंच सांगतस. हाऊ घोडा आपला नही." त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं.

राघोला चापावरचे तीन खळगे आठवले. गंजानं खाल्लंय समजून त्यानंच यंत्रवाल्याला सांगितलं होतं, "जोरात घासा!" खरं सांगायला त्यानं तोंड उघडलं, पण आता बाप कशाला विश्वास ठेवतोय!

करायला गेला गणपती, झाला मारुती! चकचकीत चापात आता एकच गोष्ट स्वच्छ दिसत होती. राघोची मिशी!