आकडेमास्तरांची पोटदुखी

"आकडा माझ्यापासून लपत नाही, बाई! दोन दिवस द्या. तिसऱ्या दिवशी तो तुमच्या टेबलासमोर हात जोडून उभा राहील!"

भर बैठकीत आकडेमास्तरांनी हे वाक्य टाकलं आणि स्वतःच्याच आवाजावर खूश होऊन समोरचा पाण्याचा ग्लास एका दमात रिकामा केला. ग्लास शेजारच्या डॉक्टरांचा होता, पण अशा वेळी कोण बघतो!

आकडेमास्तर शाळेत कधीच शिकवत नव्हते. तीन इस्पितळं, अकरा उपकेंद्रं आणि घरोघर जाणारी एक फिरती गाडी, एवढा पसारा असलेल्या आरोग्यसेवेच्या मुख्य कार्यालयात ते सव्वीस वर्षं बेरजा करत होते. बाळाच्या लसीपासून आजीच्या प्लास्टरपर्यंत सगळं त्यांच्या टेबलावर आकडा होऊन यायचं. दरवर्षीचा अहवाल तेच लिहायचे. रुग्ण मात्र त्यांनी सव्वीस वर्षांत जवळून पाहिला नव्हता. त्यांची खिडकी मागच्या बाजूला, धुण्याच्या खोलीवर उघडायची.

यंदा सेवा वाढली होती. नवी शाखा, नवी गाडी, सगळीकडे दहा-पंधरा टक्के जास्त रुग्ण. घोडं अडलं होतं ते बसच्या शेवटच्या थांब्यावरच्या उपकेंद्राशी. दोन खोल्या, एक सिस्टर, एक बाक. गेल्या वर्षीच्या भेटी दोन हजार एकशे चाळीस आणि यंदा आठ हजार सहाशे बारा! चौपट!

"एक तर तिथे साथ आलीय, नाहीतर सिस्टरनं घरी बसून रकाने भरलेत," संचालकबाई म्हणाल्या. "शुक्रवारी अहवाल छापायला जातोय. आकडा खरा असेल तर पहिल्या पानावर घेऊ आणि तिथे दुसरी सिस्टर देऊ. खोटा असेल तर..." बाईंनी पुढचं वाक्य चष्म्याच्या डबीत बंद केलं. टक्!

आकडेमास्तरांना त्या रात्री चैन पडेना. चौपट कसं होईल? त्या भागातली माणसं काय चौपट पडतात, चौपट शिंकतात? कुतूहल त्यांना असं चावत होतं की जेवताना त्यांनी बायकोला तीनदा विचारलं, "एका बाकावर किती माणसं मावतात गं?" बायको वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्याच्या टेबलावर बसायची. विचित्र प्रश्नांची तिला सवय होती. "बसवली तर किती, की बसली तर किती?" असं विचारून ती पुन्हा जेवायला लागली.

मास्तरांनी बेत आखला. कार्यालयातला माणूस म्हणून गेलं की वह्या झाडूनपुसून समोर येणार. तेव्हा जायचं ते पेशंट होऊन! मंगळवारी सकाळी त्यांनी आरशासमोर पोटदुखीचा सराव केला. डाव्या हातात पिशवी असल्यामुळे मोकळा होता उजवा हात, म्हणून कळ उजव्या बाजूला ठेवायची ठरली. एवढ्या क्षुल्लक कारणासाठी माणसाचं पोट पणाला लागू शकतं, हे त्यांना कुठून ठाऊक असणार!

उपकेंद्राचा बाक भरलेला होता. बाकाबाहेर भिंतीला टेकून माणसं, पायरीवर माणसं. मास्तरांनी मोजली. तेवीस! पण आजारी एकही दिसेना. एक बाई विणत होती, दोघं हसत होते, एका थर्मासमधला चहा सगळ्यांत फिरत होता. एक कप मास्तरांच्याही हातात आला. कढत होता.

त्यांनी शेजारच्या गृहस्थांना हळूच विचारलं, "काय होतंय तुम्हाला?"

"मला? काही नाही. मी यांच्याबरोबर आलोय."

'यांनी' विणकाम खाली ठेवलं. "मलाही काही नाही हो. मी जावेबरोबर आलेय."

जाऊबाई म्हणाल्या, "मी सुताराबरोबर. शेजारी आहे आमचा."

सुतारानं पट्टी बांधलेला अंगठा वर केला. तेवीस माणसांत मिळून एक अंगठा!

मास्तरांच्या डोक्यात घंटा वाजली. पण मग वहीत चौपट भेटी कशा? ते खिशातून कागद काढून टिपण करणार, तेवढ्यात आतून हाक आली, "नवीन कोण आहे? या आत!"

सिस्टर मध्यमवयीन होत्या आणि आवाज असा की ताप आपण होऊन उतरावा. "काय होतंय?"

"कळ येतेय. इथे."

"सोबत कोण?"

"कोणी नाही."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "आमच्याकडे एकट्यानं यायचं नाही. मी सांगते ते घाबरलेल्या माणसाला निम्मंच ऐकू येतं. दुसरे दोन कान लागतात. आणि ते दुसरे आलेच आहेत, तर त्यांचंही ब्लडप्रेशर बघते, साखर बघते. दहांत तिघांचं काहीतरी निघतं. मग पुढच्या वेळी ते कोणालातरी सोबत आणतात."

आकडेमास्तरांच्या तोंडाचा आ झाला. सापडलं! चौपट! आणि सगळं खरं! एका अंगठ्यामागून एक गल्ली तपासून निघत होती! एवढी सुंदर बेरीज त्यांनी सव्वीस वर्षांत पाहिली नव्हती. आता उठावं आणि थेट कार्यालय गाठावं, असं त्यांच्या मनात आलंच होतं.

"झोपा," सिस्टर म्हणाल्या.

"नको, आता बरं वाटतंय."

"झोपा म्हटलं ना!"

ते झोपले. सिस्टरनी उजवीकडे पोट दाबलं आणि झटकन हात उचलला. "दाबल्यावर दुखतं की सोडल्यावर?"

आली का पंचाईत! खरं उत्तर कोणतं? मास्तरांनी सव्वीस वर्षांच्या अनुभवानं दोन्ही रकाने भरले. "दोन्ही वेळा! सोडल्यावर जरा जास्तच!"

सिस्टरचा चेहरा बदलला. तोंडात थर्मामीटर आला. कढत चहा प्यायलेल्या तोंडात! "एकशे दोन!" ब्लडप्रेशरही चढलेलं निघालं. "अपेंडिक्स दिसतंय. घरच्यांचा नंबर सांगा. गाडी बोलवा रे कोणीतरी!"

"थांबा, थांबा!" मास्तर उठून बसले. "मी आजारी नाही! मी मुख्य कार्यालयातून आलोय. तुमचा आकडा बघायला!"

सिस्टर गाडीच्या ड्रायव्हरला हळू आवाजात म्हणाल्या, "बडबडायला लागलेत. लवकर न्या."

ड्रायव्हर भला माणूस होता. त्यानं मास्तरांच्या खांद्यावर हात ठेवला. "हो साहेब. बघू हं आपण आकडा. मोठ्ठा आकडा बघू. आधी आडवे व्हा."

सगळ्या बाकानं मिळून त्यांना गाडीत चढवलं. सुतारानं एका अंगठ्याच्या सवलतीनं पाय धरले. आणि खरं सांगायचं तर, गाडीत आडवं पडल्यावरही मास्तरांना राहवलं नाही. "दिवसाला किती फेऱ्या होतात हो तुमच्या?"

"बोलू नका साहेब. श्वास घ्या."

"पण सरासरी?"

"नऊ," ड्रायव्हर कळवळून म्हणाला. "आता डोळे मिटा."

इस्पितळात ते पोचले तेव्हा बायको दारातच उभी. सिस्टरनी फोनवर 'सोबत कोणालातरी घेऊन या' म्हटल्यामुळे तिनं भावाला आणलं होतं, शेजारच्या जोडप्याला आणलं होतं आणि वाचनालयात पुस्तक बदलायला आलेल्या एका गृहस्थांनाही आणलं होतं. त्यांच्या हातात पुस्तक तसंच होतं.

"अगं, मला काही झालेलं नाही! मी नाटक करत होतो!"

"ऐकलंत?" बायको सर्जनला म्हणाली. "दाढ सुजून गालाचा फुगा झाला होता, तेव्हाही हेच म्हणत होते. तुम्ही कापा!"

"अहो दाजी, घाबरू नका," मेव्हणा म्हणाला. "आमच्या ऑफिसातल्या एकाचं अर्ध्या तासात काढलं."

मास्तरांच्या अंगात पाठीमागून नाड्या बांधायचा हिरवा झगा आला. नाड्या दोन होत्या, त्यांतली एक तुटलेली. अशा अवस्थेत माणसानं स्वाभिमान तो कुठे आणि कसा धरायचा!

शेवटचा उपाय म्हणून त्यांनी संचालकबाईंना बोलवायला सांगितलं. कार्यालय इस्पितळाच्या मागेच. बाई धावत आल्या, स्ट्रेचरकडे पाहून हळहळल्या. "आमचेच आहेत हो. अहवालाचं फार मनाला लावून घेतात. काल बैठकीत दुसऱ्याचं पाणी प्यायले, तेव्हाच मला शंका आली होती."

चाकं हलली. छतावरचे दिवे एकामागून एक सरकू लागले. मास्तरांनी जीव एकवटून सर्जनचा हात धरला.

"डॉक्टर! गेल्या वर्षी तुमच्या विभागात चारशे बारा अपेंडिक्स काढली. त्यांतली सदतीस काढल्यावर चांगली निघाली! तुम्ही तपशिलाचा कागद तीन महिने उशिरा पाठवला, आणि त्यावर चहाचा डाग होता!"

स्ट्रेचर थांबलं. सर्जननं त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "ती लाल पेनातली चिठ्ठी पाठवणारे आकडेमास्तर... तुम्ही?"

"मीच!"

"सोनोग्राफी करा," सर्जन कपाळ पुसत म्हणाला. "अडतिसावं नको."

सोनोग्राफीत काहीच निघालं नाही. मग सगळा खुलासा झाला. संचालकबाई हसल्या नाहीत. मेव्हणा हसला, फार हसला. बायको पाठ फिरवून वाचनालयात परत गेली, आणि तेच मास्तरांना सगळ्यात जड गेलं.

बुधवारी सकाळी ते माफी मागायला उपकेंद्रात गेले. सिस्टरनी ऐकून घेतलं. मग आवाज न चढवता म्हणाल्या, "माफी माझी नको. काल ती गाडी ड्रेसिंगच्या फेरीला निघत होती. मागच्या गल्लीत घड्याळं दुरुस्त करणारे आजोबा आहेत. पायाला जखम आहे. साडेदहाची वेळ होती त्यांची. गाडी अडीचला पोचली."

मास्तर मान खाली घालून मागच्या गल्लीत गेले. आजोबा खिडकीशीच बसले होते, पाय स्टुलावर. टेबलावर एक उघडं घड्याळ, भिंगाखाली पसरलेली चाकं. मास्तरांनी सगळं सांगितलं. पोट, चहा, झगा, काही लपवलं नाही.

"अस्सं!" आजोबा म्हणाले. "म्हणजे माझी गाडी तुम्ही पळवलीत. मी जेवलो नव्हतो काल. म्हटलं, आता येतील, ताटावरून कशाला उठायचं. पण मी कुठे जाणार होतो? बसूनच होतो." त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

आठ हजार सहाशे बारा ही संख्या मास्तर तोंडपाठ सांगू शकत होते. पण त्यांतला एक जण काल खिडकीशी उपाशी बसला होता, हे कोणत्या रकान्यात लिहायचं?

"आता आलाच आहात," आजोबा म्हणाले, "तर मला तिथवर घेऊन चला. सहा महिने झाले, त्या बाकावर बसलो नाही. गाडी घरी येते ना, म्हणून. सोय चांगली आहे, पण गप्पा होत नाहीत."

तीनशे पावलांना पाऊण तास लागला. आजोबा मास्तरांच्या खांद्यावर भार टाकून दर दहा पावलांनी थांबत आणि दर थांब्यावर एक प्रश्न विचारत. झग्याची दुसरी नाडी कुठे गेली? सुतारानं एका अंगठ्यानं कसं उचललं? उपकेंद्रात पोचेपर्यंत दोघंही हसून दमले होते. बाकानं सरकून आजोबांना जागा केली.

ड्रेसिंग झालं. सिस्टर हात धुऊन मास्तरांकडे वळल्या. "सोबत आलात ना? हात पुढे करा."

"मला काही..."

"हात!"

पट्टा फुगला, सुटला. सिस्टरनी पुन्हा फुगवला. तिसऱ्यांदा. "एकशे चौऱ्याहत्तर. काल चढलेलं होतं ते मी पोटदुखीवर धरलं. आज पोट दुखतंय?"

"नाही."

"मग हे तुमचं स्वतःचं आहे."

"मशीन बिघडलं असेल," मास्तर क्षीणपणे म्हणाले. सिस्टरनी तोच पट्टा आजोबांना लावला. एकशे अठ्ठावीस. आजोबांनी बाकाकडे पाहून मान डोलावली, जणू परीक्षेत पहिले आले.

सिस्टरनी आकडा लिहून दिलेल्या चिठ्ठीकडे मास्तर बघत राहिले. हा आकडा त्यांना काही केल्या बेरजेत धरता येईना. सिस्टर पथ्य सांगत होत्या, मीठ, गोळी, चालणं, आणि मास्तरांना खरोखरच निम्मंच ऐकू येत होतं. बाकीचं आजोबांनी ऐकून ठेवलं.

गुरुवारी अहवाल पुरा झाला. संचालकबाईंनी पहिलं पान दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि उपकेंद्राला दुसरी सिस्टर देण्याच्या कागदावर तिथल्या तिथे सही केली. मास्तरांनी या वेळी कोणाच्याही पाण्याला हात लावला नाही.

संध्याकाळी घरी आल्यावर त्यांनी धीर करून बायकोला सांगितलं, "अगं, माझं ब्लडप्रेशर वाढलंय. खरंच."

बायकोनं पुस्तकातून डोकंही वर काढलं नाही. "मंगळवारी पोट. गुरुवारी ब्लडप्रेशर. शनिवारी काय, गुडघा?"

"अगं, चिठ्ठी आहे माझ्याकडे!"

"अहवाल तुम्हीच लिहिता. चिठ्ठीही लिहाल."

मग तिनं उठून सिस्टरना फोन लावला. बराच वेळ नुसतं "हो... हो... बरं..." चाललं होतं. तिनं फोन ठेवला. स्वयंपाकघरात गेली, ताट घेऊन आली आणि त्यांच्यासमोर ठेवून जेवण होईपर्यंत शेजारी बसून राहिली.

मास्तर एका शब्दानं तक्रार न करता सगळं जेवले. बिनमिठाचं.