संभाव्य उत्तरांचा रकाना

जपानमधल्या त्सुकुबातल्या एका संशोधन संस्थेचा नियम साधा होता. परदेशी क्षेत्रकार्याला जाणाऱ्याने पूर्वपरवानगी घ्यावी, आणि पूर्वपरवानगी मागण्याआधी पूर्वचर्चा करावी. पूर्वचर्चेची वेळ मागायला वेगळा फॉर्म होता.

तिथे संशोधन करणाऱ्या पुण्याच्या सुचेताचा विषय होता युमन समाज. अमेरिका-मेक्सिकोच्या सीमेवर, कोलोरॅडो नदीच्या आसपास राहणारे हे आदिवासी. त्यांचा इतिहास कागदापेक्षा कथा-गाण्यांत जास्त. दोन वर्षं पत्रं लिहिल्यावर तिथल्या शहाऐंशी वर्षांच्या एक आजी तिला ऐकवायला तयार झाल्या होत्या. अट एकच. जुन्या कथा फक्त हिवाळ्यात सांगायच्या.

"डिसेंबरात ये, पोरी. फेब्रुवारी संपला की माझं तोंड बंद."

आणि मार्चअखेर क्षेत्रकार्य झालेलं नसलं, की सुचेताची नेमणूक बंद. तिने सप्टेंबरातच अर्ज केला.

"प्रश्नावली जोडलेली नाही," कार्यालयातले मोरिता-सान अदबीने म्हणाले.

"आजींना प्रश्न विचारायचे नसतात. सरपण आणून द्यायचं, जवळ बसायचं, त्यांना बोलावंसं वाटलं की ऐकायचं."

"बसण्याला रकाना नाही."

सुचेताने चाळीस प्रश्न तयार केले. नोव्हेंबरात अर्ज परत आला: बसताना साप चावल्यास काय? हिवाळ्यात साप झोपलेले असतात, असं तिने लिहिलं. पुरावा मागवण्यात आला. पुरावा तपासून होईतो जुलै उजाडेल, तेव्हा जुलैतच जावं, अशी समितीने शिफारस केली.

"जुलैत आजी बोलत नाहीत हो! शिवाय पारा पंचेचाळीसच्या वर."

"अरे वा, मग उष्माघाताचा फॉर्मही लागेल," म्हणत मोरिता-सानांनी तो लगेच काढून दिला. माणूस मदतीला तत्पर होता.

जानेवारीत सगळं जमलं. राहिला एकच रकाना: संभाव्य उत्तरे.

"उत्तरं माहीत असती तर मी गेले कशाला असते?"

"उत्तरं माहीत नसतील, सुचेता-सान, तर तिथे काही मिळेल हे समितीने कशावरून मानायचं?"

सुचेताने फॉर्म परत घेतला. त्यात रिकामा रकाना दिसला की पुणेरी हात शिवशिवतात. दोन दिवस जुनी पुस्तकं उपसून तिने चाळीस उत्तरं लिहिली, आणि रंगाच्या भरात मधेमधे 'इथे आजी नदीकडे पाहत राहतात' असंही घातलं.

फेब्रुवारीच्या शेवटी समितीचा एकमुखी निर्णय आला. उत्तरे अत्यंत समाधानकारक असल्याने प्रवासाची आवश्यकता उरलेली नाही. क्षेत्रकार्य पूर्ण झाले असे मानण्यात येत आहे. नेमणुकीस दोन वर्षे मुदतवाढ.

सुचेताने आजींना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे फेब्रुवारीची शेवटची संध्याकाळ होती.

"पोचलीस का गं?"

"नाही, आजी. तुमची उत्तरं मंजूर झाली."

"हो? काय म्हणाले मी?"

सुचेताने तीन उत्तरं वाचून दाखवली.

"बरी बोलले की," आजी म्हणाल्या. "एवढी सलग मी नवऱ्याशीसुद्धा बोलले नाही." मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी शाल सारखी केली. "आजचा दिवस आहे अजून. एक छोटी सांगते, तासाभराची. ऐकतेस?"

सुचेताने घड्याळ पाहिलं. दहा मिनिटांनी आपलं अनिवार्य प्रशिक्षण आहे, असं तिने सांगितलं. गैरहजर राहिल्यास मुदतवाढ रद्द.

"कसलं प्रशिक्षण, पोरी?"

सुचेताला सांगवेना. विषय होता, 'माहितीदारांचे ऐकून कसे घ्यावे'.

एप्रिलात टोकियोतल्या एदोगावाच्या मराठी मंडळात तिचं व्याख्यान झालं: 'आदिवासींच्या सहवासात'. श्रोत्यांतल्या अरुणाताईंनी डोळे टिपले. "किती गं सोसलंस वाळवंटात!" नीलकंठरावांनी तिथे शाकाहारी मिळतं का ते विचारलं, मग व्हिसाचं निघालं, मग सगळ्यांचा मिळून फोटो झाला. आजींचं नाव काय, हे कुणी विचारलं नाही.

तुम्हीही अगदी इथवर वाचत आलात. विचारलंत?