टर्नबीचा तवा

"गॅरेजमधला तवा कुठे गेला?" व्हर्लिन हॉगस्टॅडने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून विचारलं.

"कुठला तवा?" मार्लिस कॉफी ओतत होती.

"काळा. मोठा. रंगाच्या डब्यांमागे घोंगडीत गुंडाळून ठेवलेला."

"तो गंजका होय? तो मी चर्चच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात देऊन टाकला. तूच म्हणाला होतास ना, गॅरेज आवर, गाडी आत जात नाही."

व्हर्लिन मटकन खाली बसला. मागे खुर्ची होती म्हणून खुर्चीवर बसला, नसती तर जमिनीवर बसला असता.

"मार्लिस, तो *तवा* होता."

"तेच तर म्हणतेय मी."

"अगं, आपला तवा! टर्नबीचा! लॉकमनला हरवून जिंकलेला!"

मार्लिसच्या हातातली किटली हवेतच थांबली. "तो? मैदानावर पोरं डोक्यावर घेऊन नाचवतात तो? अरे, तिथे तो केवढा दिसतो!"

आयोवातल्या त्या कोपऱ्यात टर्नबी आणि लॉकमन ही दोन कॉलेजं मक्याच्या शेतांपलीकडे एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. दर नोव्हेंबरला त्यांचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायचा, सामना होतो आणि जिंकणाऱ्याला एक लोखंडी तवा मिळतो. का, ते कुणालाच माहीत नाही. टर्नबीवाले सांगतात, संस्थापकांच्या पत्नीने पहिल्या सामन्यात दोन्ही संघांना या तव्यावर पोळ्या भाजून वाढल्या. लॉकमनवाले सांगतात, तिने तो लॉकमनच्या कप्तानाला फेकून मारला. इतिहासाच्या एका प्राध्यापकाने दोन्ही कथा खोट्या असल्याचं सिद्ध केलं होतं. ते आता दुसऱ्या राज्यात शिकवतात.

तव्याच्या पाठीवर पांढऱ्या रंगाने प्रत्येक सामन्याचा निकाल लिहिलेला असे. तवा कधी धुवायचा नाही, पुसायचा नाही, असा दंडक होता. कारण धुतला तर जिंकलेलं वाहून जातं. त्यामुळे त्याच्यावर गंजाचे आणि भक्तीचे थर सारखेच चढले होते.

गेल्या वर्षी टर्नबीने कितीतरी काळाने सामना जिंकला आणि तवा घरी आला. क्रीडाभवनाचं छत गळायला लागलं, तेव्हा उपसंचालक या नात्याने व्हर्लिनने काचेच्या कपाटातला तवा काढून स्वतःच्या गॅरेजमध्ये लपवला. लॉकमनची पोरं चोरतील या भीतीने त्याने ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही. बायकोलासुद्धा नाही. आता शनिवारी सामना होता, आज सोमवार.

तो कोट चढवतोय तोवर कॉलेजच्या अध्यक्षांचा, डॉ. एम्स यांचा फोन आला.

"हॉगस्टॅड, तवा ठीक आहे ना?"

"हो सर. अगदी… सुरक्षित हातांत आहे."

"छान. शनिवारी सगळे देणगीदार येताहेत. तव्याचं काही झालं तर मला राजीनामा द्यावा लागेल. त्याआधी तुझा घेईन, ते वेगळं."

चर्चमध्ये चौकशी करायला फार वेळ लागला नाही. तवा ओर्फा ट्वेट यांनी उचलला होता. ओर्फाबाई म्हणजे चर्चच्या लेफ्सा मंडळाच्या सेनापती. लेफ्सा ही उकडलेल्या बटाट्याची पातळ, मोठी पोळी. नोव्हेंबर लागला की गावातल्या नॉर्वेजियन घरांत तिचं पीठ हवेत उडत असतं. ओर्फाबाईंनी ऐंशी ओलांडली होती, पण लाटणं हातात आलं की त्यांच्यापुढे पाद्रीबुवाही आवाज चढवत नसत.

व्हर्लिन त्यांच्या शेतावर पोचला, तेव्हा स्वयंपाकघरात वाफ कोंदली होती.

"ये, ये. बूट बाहेर काढ. बघ तरी काय सोनं गवसलंय मला!"

शेगडीवर एक चकचकीत काळा तवा होता. आरशासारखा. त्यावर एक पोळी टम्म फुगत होती. व्हर्लिनने तव्याची कडी ओळखली.

"ओर्फाबाई, याच्या पाठीवर… काही लिहिलेलं होतं का हो?"

"होतं तर! कसले कसले आकडे, पांढऱ्या रंगाने. तव्यावर कुणी आकडे लिहितं का रे? कुणा वेड्याचं घर होतं कोण जाणे. तारेच्या घासणीने घासघासून काढले. खांदे भरून आले माझे."

व्हर्लिनने भिंतीला हात टेकला आणि सगळं सांगितलं. ओर्फाबाईंनी पोळी उलटली आणि शांतपणे ऐकून घेतलं.

"फुटबॉलचा तवा? मग त्याच्यावर करतात काय?"

"काही करत नाहीत. जपतात."

"म्हणजे कधीच काही भाजलं नाही?"

"आमच्या आजोबांच्या आधीपासून तरी नाही."

ओर्फाबाईंनी गालाला हात लावला. "अरे देवा. इतकी वर्षं चांगल्या बिडाच्या तव्याला उपाशी ठेवलात! मग तर मी मुळीच देणार नाही. पाप लागेल मला. शिवाय चर्चच्या जेवणाच्या लेफ्सा व्हायच्यात अजून. घे, ही खा गरम गरम. लोणी लाव. रडू नकोस असा."

व्हर्लिन रडतच ती पोळी खात होता. आणि त्याला हेही कबूल करावं लागलं असतं की पोळी अप्रतिम होती.

उरला एकच माणूस: मार्लिसचा भाऊ, ड्वेन. त्याच्या गोठ्यात जगातली प्रत्येक मोडकी वस्तू सापडत असे. सापडलाच. डुकरांच्या पाण्याच्या टाकीवर झाकण म्हणून ठेवलेला एक तवा, जवळजवळ त्याच मापाचा.

"दाजी, घाबरायचं नाही," ड्वेन म्हणाला. "मीठ आणि व्हिनेगर चोळतो. दोन दिवसांत असा गंज चढवतो की तुमच्या संस्थापकांची बायको थडग्यातून उठून ओळख पटवेल."

"आणि आकडे?"

"ते कुठे मिळतील?"

आकडे कॉलेजच्या कचेरीत होते. पण ते मागायला गेलं की कशाला, हा प्रश्न येणार. शेवटी मार्लिसलाच सुचलं. कॉलेजच्या दुकानात मिळणाऱ्या कॉफीच्या मगावर तव्याच्या पाठीचा फोटो छापलेला होता. तो मग समोर ठेवून ड्वेन गोठ्यात रंगवायला बसला. सगळं उतरवून झाल्यावर त्याने हाक मारली.

"दाजी, मगाला कान जिथे चिकटवलाय ना, तिथली चार-पाच वर्षं गायब आहेत."

"मग?"

"मग काय, मी टाकली मनानेच. कोण वाचत बसतंय? एकदा हे जिंकले, एकदा ते जिंकले. कुणावर अन्याय नको."

शनिवारी मैदानाबाहेर सकाळपासून गाड्यांच्या मागे शेगड्या पेटल्या होत्या. सॉसेजच्या धुरातून वाट काढत व्हर्लिनने तो तवा निळ्या मखमलीवर ठेवला. नियमाप्रमाणे सामन्याआधी पाहुण्यांच्या तवा समितीने दर्शन घ्यायचं असतं. समितीचे प्रमुख हार्लन क्विस्ट, लॉकमनचे जुने खेळाडू, काठी टेकत पुढे आले. त्यांनी चष्मा लावला. तव्यावर नाक टेकेल इतके वाकले. व्हर्लिनने मनातल्या मनात राजीनाम्याचा मजकूर जुळवायला घेतला.

क्विस्टांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"चौसष्ट साल," ते पुटपुटले. "लॉकमन एकवीस, टर्नबी सात."

"काही चुकलंय का साहेब?" व्हर्लिनने विचारलं.

"चुकलंय? अरे, माझा सामना आहे हा! माझ्या हातून शेवटचा चेंडू सुटला आणि आपण हरलो, असं सगळे आयुष्यभर मला सांगत आले. बायकोसुद्धा! मीसुद्धा मानायला लागलो होतो. आणि इथे लिहिलंय, आम्ही जिंकलो! तवा खोटं बोलत नाही!"

त्यांनी तव्याला मिठी मारली. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर ड्वेनचा गंज उमटला. स्थानिक वाहिनीच्या कॅमेऱ्याने ते सगळं टिपलं. डॉ. एम्स यांनी रुमाल काढला आणि ते देणगीदारांना म्हणाले, "हीच ती परंपरा!" देणगीदारही गहिवरले.

सामना लॉकमनने जिंकला. त्यांची पोरं तवा उंचावत मैदानभर धावली, आणि टर्नबीचा पराभव इतक्या मनापासून साजरा करणारा टर्नबीकर त्या दिवशी एकटा व्हर्लिन होता. तवा गेला, बला गेली. पुढच्या वर्षापर्यंत ती लॉकमनची डोकेदुखी.

सोमवारी सकाळी ओर्फाबाईंचा फोन आला.

"चर्चचं जेवण पार पडलं. आता तवा घेऊन लॉकमनला जाऊ."

"कशाला, ओर्फाबाई? सगळं मिटलंय की!"

"मी टीव्हीवर बघितलं. तो म्हातारा रडत होता रे, खोट्या तव्याला मिठी मारून. आणि खरा माझ्या शेगडीवर. काल चर्चमध्ये मला मान वर करून गाता येईना. तू येणार नसशील तर मी एकटी जाते. मला गाडी चालवता येते, फक्त वेळेवर थांबवता येत नाही."

व्हर्लिन गेला. वाटेत त्याने त्यांना खूप समजावलं, पण त्या खिडकीतून मक्याचे खुंट बघत राहिल्या. शेवटी त्यालाही वाटायला लागलं की एकदाचं सांगून टाकावं आणि मोकळं व्हावं. नोकरी जाईल, पण झोप तर येईल.

लॉकमनच्या बैठकीच्या खोलीत तवा समिती जमली होती. भिंतीवर, नव्या साखळीत, ड्वेनच्या डुकरांचं झाकण टांगलेलं होतं. कुणाच्याही घरी रिकाम्या हाताने जायचं नाही या संस्काराने ओर्फाबाईंनी आधी टेबलावर लेफ्साचा डबा ठेवला आणि मग तवा. व्हर्लिनने उभं राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत कबुली दिली. गॅरेज, बाजार, मीठ, व्हिनेगर, मगाचा कान. काहीच वगळलं नाही.

खोलीत बराच वेळ फक्त चावण्याचा आवाज येत होता, कारण डबा फिरायला लागला होता.

क्विस्ट उठले. त्यांनी तवा हुंगला. "याला लोण्याचा वास येतोय."

"येणारच," ओर्फाबाई म्हणाल्या.

"खऱ्या तव्याला इतिहासाचा वास असतो."

"गंजाचा."

"तेच ते." क्विस्टांनी तवा पालथा केला. "आणि यावर चौसष्टचा निकाल कुठे आहे?"

"मी घासला."

क्विस्टांनी समितीकडे वळून बघितलं. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "ऐकलंत? आमचा विजय पुसून टाकलेला तवा आणायचा आणि म्हणायचं हा खरा! शनिवारी हरले, आता हा देऊन भिंतीवरचा परत न्यायला निघालेत. आणि सोबत एका आजीबाईंना घेऊन आलेत, आम्ही विरघळावं म्हणून!"

"साहेब, भिंतीवरचा तवा डुकरांच्या टाकीवरचा आहे हो!" व्हर्लिन कळवळून म्हणाला. "माझ्या मेहुण्याला विचारा. हवं तर डुकरांना विचारा!"

"हॉगस्टॅड, पवित्र वस्तूबद्दल जरा जपून बोला."

त्यांनी तिथूनच डॉ. एम्स यांना फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. डॉ. एम्स क्षणभर गप्प राहिले. मैलोन् मैल दूर बसून एक माणूस देणगीदार, रुमाल आणि स्वतःची खुर्ची यांचा विचार करतोय, हे त्या शांततेतही कळत होतं.

"टर्नबी कॉलेज या प्रकाराचा तीव्र निषेध करतं," ते अखेर म्हणाले. "खरा तवा लॉकमनकडेच आहे. मी स्वतः त्याच्यासमोर रडलो आहे. हॉगस्टॅड, ऐकतोयस ना?"

"हो सर."

"तू दमला आहेस. एक आठवडा सुट्टी घे. आणि ती वस्तू जिथून आणलीस तिथे ठेवून ये."

व्हर्लिन खुर्चीवर टेकला. नोकरी राहिली होती, तरी त्याला नोकरी गेल्यासारखंच वाटत होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याने एवढ्या लोकांसमोर खरं सांगितलं होतं आणि त्याबद्दल त्याला लबाड ठरवण्यात आलं होतं. ओर्फाबाईंनी त्याच्या पाठीवर एकदा थोपटलं आणि तवा शालीत गुंडाळायला घेतला. त्यांच्या चेहऱ्यावर दुःख दिसत नव्हतं. उलट तवा घेऊन घरी जायची घाई त्यांनी फारशी लपवली नाही.

क्विस्टांचा राग आता उतरला होता. त्यांच्या हातात डब्यातली शेवटची लेफ्सा होती, लोण्याने ओथंबलेली. ती त्यांनी डोळे मिटून संपवली आणि बोटं चाटली.

"बाई, झालं गेलं विसरा," ते जरा मऊ आवाजात म्हणाले. "पण अशी लेफ्सा मी आईच्या मागे आजच खाल्ली. इतकी पातळ, आणि कुठे म्हणून करपलेली नाही. करता कशावर तुम्ही?"

ओर्फाबाईंनी शालीची गाठ घट्ट बांधली आणि गाठोडं काखेत मारलं.

"आहे एक," त्या म्हणाल्या. "खोटाच आहे, पण भाजतो बरा."