गप्पांची घडी

बायको फक्त एवढंच म्हणाली होती, की कॉम्प्युटर फार रेंगाळतो, जरा बघता का. दुसऱ्या कुणी तो बंद करून पुन्हा चालू केला असता आणि चहा मागितला असता. पण फाइलराव पडले कचेरीच्या रेकॉर्ड विभागातले (त्यांचं खरं नाव कचेरीला फक्त पगाराच्या दिवशी आठवायचं). कॉम्प्युटर फायलींनी भरलाय, जागा कमी पडतेय असं दिसल्यावर त्यांच्या अंगात वारं संचारलं. जुने गठ्ठे आवळून बांधायचे आणि जागा करायची, दुसरं केलं काय होतं त्यांनी जन्मभर!

शोधता शोधता त्यांना इंटरनेटवर फायली दाबून लहान करणारी एक ओपन सोर्स लायब्ररी सापडली. म्हणजे चार परोपकारी मंडळींनी लिहून उघडा ठेवलेला प्रोग्रॅम. कुणीही न्यावा, वापरावा, जमलं तर सुधारावा. फुकट ते पौष्टिक म्हणत फाइलरावांनी तो उतरवून घेतला. बायको वाचनालयात ग्रंथपाल, म्हणून सगळ्यांची ग्रंथपालबाई. तिने एवढंच सुचवलं, की जे काय कराल ते आधी एका फायलीवर करून बघा. नवऱ्यांनी असं ऐकलं असतं तर विनोदी कथा कुणी लिहिल्या असत्या?

सगळ्यात जुना गठ्ठा होता गप्पांचा. लग्न झालं आणि लगेच फाइलरावांची बदली झाली. ती इकडे, हे तिकडे. फोन परवडायचा नाही, म्हणून साहेब जेवायला उठले की दोघं आपापल्या कामाच्या ठिकाणाहून कॉम्प्युटरवर गप्पा टाइप करत. कीबोर्डवर मराठी अक्षरांचे चिटोरे चिकटवलेले. घामाने एखादा निघाला की त्या दिवशी ते अक्षर बोलण्यातून वर्ज्य. त्या वर्षी बाईंची आई आजारी होती आणि लेकीकडेच राहायची. आई आज काय म्हणाली, कशाला हसली, कुणावर चिडली, ते सगळं बाई दुपारी नवऱ्याला कळवायच्या. वर्ष सरता सरता आई गेली. तिचा आवाज कुणी टेप केला नव्हता. तिचं बोलणं उरलं होतं ते या फायलींत.

फाइलरावांनी काम काढलं. प्रोग्रॅमने अदबीने विचारलं, मजकूर जुन्या पद्धतीचा दिसतोय, नव्यात आणायचा तर मुळात कुठल्या एन्कोडिंगचा होता ते सांगा. एन्कोडिंग म्हणजे कुठल्या अक्षराला कुठला आकडा, याचा ठराव. हे फाइलरावांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी यादीतलं पहिलं नाव निवडलं. मग फाइल तपासली. रेकॉर्ड विभागात फाइल तपासायची म्हणजे वरची तारीख बघायची. तारीख बरोबर होती. पुढचाही रिवाज त्यांनी पाळला: पक्की प्रत झाली की कच्ची फाडायची. मूळ फायली पुसल्या, कचऱ्याची टोपलीही रिकामी केली आणि बायकोला मोठ्या ऐटीत हाक मारली.

बाई खुर्ची ओढून बसल्या, म्हणाल्या, कुठलीही एक उघडा, किती वर्षांत वाचलं नाही. फाइल उघडली. वर तारीख, आणि खाली नुसती टोप्या घातलेली, टिंबं लावलेली परकी अक्षरं. दुसरी उघडली, तिसरी उघडली, सगळीकडे तेच. फाइलरावांच्या तोंडचं पाणी पळालं. ते म्हणाले, चष्मा पुसून बघतो. चष्मा पुसून तेच जास्त स्पष्ट दिसलं.

"आईचं बोलणं होतं हो त्यात," बाई म्हणाल्या आणि उठून आत गेल्या.

भांडली असती तर बरं झालं असतं, असं फाइलरावांना वाटलं. भांडणाची त्यांना सवय होती.

त्यांनी तो प्रोग्रॅम लिहिणाऱ्या मंडळींना पत्र धाडलं. 'उपरोक्त विषयी सविनय सादर' ह्या थाटाचं इंग्रजी वाचून तिकडे कुणाला काय वाटलं असेल ते देव जाणे, पण उत्तर आलं. कोण कुठला माणूस, पण फार मायेने लिहिलं होतं त्याने. आमचा प्रोग्रॅम जे द्याल तेच अक्षर न् अक्षर परत देतो. तुम्हीच एन्कोडिंगचं नाव चुकीचं दिलंत. मात्र मजकूर पुसला गेलेला नाही, चुकीच्या आकड्यांत गुंडाळला गेलाय. जसा गुंडाळलात तसा उलट्या क्रमाने सोडवा. आणि कृपा करून तोवर सेव्हचं बटण दाबू नका.

सोडवला, तर खालून जुन्या फाँटची चिन्हं निघाली. तो फाँट आता कुठेच मिळेना. कुठलं चिन्ह म्हणजे कुठलं मराठी अक्षर, हे सांगणार कोण? फाइलराव कपाळाला हात लावून बसले. तेव्हा बाई बाहेर आल्या, डोळे मिटले आणि टेबलावरच बोटं चालवू लागल्या. डोक्याला काही आठवत नव्हतं, बोटांना सगळं आठवत होतं. कुठलं अक्षर कुठल्या बटणावर होतं ते ती बोटाने दाखवायची, त्या बटणाचं चिन्ह हे अक्षरापुढे लिहून घ्यायचे. मधेच ती हसली, की ह्या बटणाचा चिटोरा सारखा निघायचा, म्हणून वर्षभर तुम्हाला लाडाने काही म्हणताच आलं नाही. फाइलराव चक्क लाजले. किती तरी दिवसांत दोघं अशी एका टेबलाशी बसली नव्हती.

आणि संध्याकाळी पडद्यावर मराठी उमटलं. बाई मोठ्याने वाचू लागल्या. "आई म्हणते, डॉक्टर किती वाळलाय, आधी त्याचीच तब्येत बघा." पुढे, "आई आज खिडकीशी बसली. म्हणाली, उजेड बरा आहे, बसू दे थोडा वेळ." बाईंचा आवाज ओला झाला. "अशीच बोलायची ती. मी विसरत चालले होते हो." फाइलरावांनाही भरून आलं. सासूबाई त्यांना फार आवडायच्या.

बाईंना आता फक्त आपल्या ओळी हव्या होत्या, आईचं बोलणं त्यांतच होतं. फाइलरावांनी मन लावून दोघांचं बोलणं वेगळं केलं: एका फायलीत तिचं, एकीत आपलं. ओळींची संख्या दोघांची जवळपास सारखीच. मग बायकोच्या देखत, सगळं नीट वाचून, मूळ प्रत जपून, त्यांनी दोन्ही फायली दाबल्या. तिची फाइल निम्मी झाली. त्यांची जवळजवळ दिसेनाशी झाली.

"अहो, तुमची कुठे गेली? पुन्हा उडवलीत का?"

फाइलराव समजूतदारपणे हसले. निदान आता तरी त्यांना विषय कळत होता. त्यांनी सांगितलं, की त्यात घाबरण्यासारखं काही नाही. तेच तेच शब्द पुन्हा आले की हा प्रोग्रॅम ते एकदाच लिहितो आणि पुढे नुसती खूण करतो. जितकं तेच तेच, तितकी फाइल लहान.

बोलून झालं आणि त्यांच्या लक्षात आलं, आपण काय बोललो ते. तोवर बाईंनी त्यांची फाइल उघडली होती. हं. बरं. बघू. जेवलीस का? हं. बरं. जेवलीस का? बघू. पान संपेपर्यंत तेच, पुढच्या पानावरही तेच. हसता हसता बाईंच्या डोळ्यांतून पुन्हा पाणी आलं.

फाइलराव ओशाळले. इतक्या वर्षांचं मनातलं आज सांगूनच टाकावं म्हणून त्यांनी घसा खाकरला, खुर्ची पुढे ओढली, बायकोकडे नीट पाहिलं.

"जेवलीस का?" ते म्हणाले.

"हेही घाला त्यात," बाई म्हणाल्या. "फाइल काही वाढायची नाही."