डबल बेलशिवाय गाडी हलणार नाही

"कुणाला पटायचं न्हाय, पण म्या घरात बसून एसटी चालवलीय. पॅसेंजरसकट," हरिबा म्हणाले.

नात प्रतीक्षाने मोबाईलमधली गाडी थांबवली. तुळजापुरातल्या त्या ओसरीवर संध्याकाळी हरिबांच्या थापा ऐकायला मिळत, म्हणून तिच्या दोन मैत्रिणीही येऊन टेकल्या होत्या. माहेरी आलेली तिची आई मोनिका शेंगा फोडत होती. तिने मान वर केली नाही.

गोष्ट मोनिका सातवीत असतानाची. मामाने सोलापूरहून टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम आणून दिला आणि पोरीने पुस्तकं कोनाड्यात ढकलली. हरिबा एसटीचे ड्रायव्हर. उभ्या नोकरीत कुणाच्या कोंबडीला धक्का लावला नाही. त्यांनी पैज लावली, "गाडीच्या शर्यतीत मला हरवलंस तर ठेव. न्हायतर उद्या पैल्या गाडीनं हा डबा सोलापूरला परत."

मोनिका जेवण अर्धवट टाकून टीव्हीपुढे जाऊन बसली.

शर्यत सुटली. मोनिकाची गाडी सुसाट गेली. हरिबांची जागच्या जागी.

"आबा, बटण दाबा की."

"कंडक्टर कुठाय? डबल बेल झाल्याबिगर गाडी हलवली तर मेमो मिळतो."

शेजारचे कंडक्टर रामकिसन खरकट्या हाताने आले. देवघरातली घंटा घेऊन हरिबांच्या पाठीशी बसले. टण टण. गाडी निघाली, तोवर मोनिका एक फेरी मारून परत आली होती.

हरिबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. उजवा पाय फरशीवर ब्रेक शोधत होता. शेवटी बायकोने, गजराबाईंनी, पायाखाली पोळपाट सरकवला आणि स्वतः चपात्या ताटावर लाटल्या. तरी वळण आलं की हरिबा खिडकीबाहेर हात काढून मागच्याला साइड देत. खिडकीबाहेर गजराबाईंची तुळस होती.

गाडी लागल्याचं गल्लीभर झालं. बायाबापड्या पिशव्या घेऊन आल्या.

"खिडकीपाशी मी बसणार, मला गाडी लागते," पलीकडच्या धुरपदाबाईंनी जागा धरली.

"पुढं सरका, मधी सगळं मोकळंच हाय," रामकिसन ओरडले. स्वयंपाकघरापर्यंत माणसं उभी.

"पैल्याच घाटात धुरपदाबाईला उलटी झाली," हरिबांनी सांगितलं.

"टीव्ही बघून?" प्रतीक्षाने विचारलं.

"घाट बघून. लिंबू हुंगवलं तवा बाई शुद्धीवर. तिला येडशीला उतरायचं होतं. रामकिसननं सिंगल बेल मारली, म्या गाडी कडंला घेतली. बाई दारातनं उतरली ती रामलिंगाचं दर्शन घेऊनच परत आली. आमी तवर चहा घेतला."

"आजोबा, शर्यत चालू असताना?"

"मग? चहा झाल्याबिगर येडशी सोडलेला ड्रायव्हर दाखव मला एक."

मैत्रिणी फिदीफिदी हसल्या. हरिबांना चेव आला. पाय पुन्हा हलायला लागला, हातात नसलेलं स्टेअरिंग फिरायला लागलं.

"तुझी आई वाऱ्यागत पळाली आन् शेवटच्या वळणाला गाडी उलथून बसली. म्या साइड मागितली, हॉर्न दिला, शांतपणे पुढं गेलो. पैला नंबर. मग शब्द म्हंजे शब्द. सकाळच्या पैल्या गाडीनं डबा सोलापूरला धाडला. पोरगी लई रडली, पण अभ्यासाला लागली."

मोनिकाने शेंगांची परात बाजूला सारली.

"आबा, उलटीचं चालंल. रामलिंगाचंबी चालंल. पण तुमी जिंकला कवा? तुमी येडशीला चहा प्यायला थांबला आन् लाईट गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लाईट जायच्या टायमालाच बरी तुमची येडशी यायची. शर्यत पुरी झाल्याबिगर गेम परत धाडायचा न्हाय म्हणाला, आन् मी धाव्वी पास होऊस्तवर शर्यत काय तुमी पुरी होऊ दिली न्हाय."