खिल्लारेंची भिंत

नवरदेव बोहल्यावर उभा आहे, अंतरपाट धरलेला आहे, भटजी श्वास घ्यायला थांबले आहेत, आणि तेवढ्यात मांडवाच्या कडेवरून एक माणूस ओरडून विचारतो, "नवरदेव, पंधरा दिवसांत हिव भरलं होतं का?" हा प्रसंग मी रचलेला नाही, माझ्या चुलतभावाच्या लग्नात घडला आहे. नवरदेवानं घाबरून खरं ते सांगितलं. अक्षता पडल्या पडल्या त्याचं बोट टोचून झालं, आणि पंगत उठायच्या आत मुलीकडच्या वऱ्हाडात 'पोराला फेफरं येतं' अशी बातमी पसरली.

तो माणूस म्हणजे खिल्लारे, आमच्या भागातला मलेरियावाला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरची ती वर्षं. हिवताप संपत आला असं सरकारनं मध्यंतरी ठरवून टाकलं होतं, पण डासांना ते कुणी कळवलं नव्हतं. पाऊस बरा झाला, डबकी भरली आणि आमच्याकडची खेडीच्या खेडी दुपारी तीनच्या सुमाराला गोधडीत शिरून कुडकुडू लागली. वालूरपासून दोन कोसांवर आमचं गाव, मी तिथल्याच शाळेत मास्तर. दर दुसऱ्या मंगळवारी खिल्लारे सायकलवरून येत. मागे पत्र्याची पेटी, तिच्यात सुई, कापूस, रक्ताचा थेंब घ्यायच्या काचपट्ट्या आणि त्या कडूजहर गोळ्या.

"बोट आणा," हा त्यांचा रामराम. बोटासोबत माणूस आला तर त्यांची हरकत नसे. नावं त्यांच्या ध्यानात राहत नसत. पाटील म्हणजे "ते जाड रक्ताचे" आणि मी "दोनदा टोचावं लागतं ते गुरुजी". गोळी हातात देऊन ते कधी जात नसत. समोर गिळायची, मग "आऽ करा, जीभ वर." त्याला कारणही होतं. आधीच्या गोळ्या आमच्या गावानं शेळ्यांना आणि कोंबड्यांना चारून पाहिल्या होत्या. साक्षात पाटलांनी भर चावडीत आऽ करून जीभ वर केलेली मी पाहिली आहे. त्या दृश्यानं माझा महिनाभराचा शीण गेला.

पण त्यांचं खरं वेड म्हणजे भिंत. घर तपासून झालं की दाराशेजारी गेरूनं लिहायचं: तारीख, घरात माणसं किती, ताप किती जणांना. प्रत्येक माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक अक्षर उमटायचं नाही. शेजारचा म्हातारा गाळ काढायला विहिरीत उतरला होता, तर हे काठावर बसून राहिले.

"लिहा की हो, मी बरा हाय," खालून आवाज आला.

"मी आवाज लिहीत नसतो, बाबा. वर या."

तासाभरानं म्हातारा चिखलानं भरून वर आला तेव्हा कुठे त्याच्या भिंतीवर तारीख पडली. "भिंतीवर खोटं लिहिलं की माणूस मरतंय, गुरुजी," असं ते मला दर पंधरवड्याला ऐकवत. शाळेतली पोरं त्यांची नक्कल करत. रागवायचं सोडून मी ती नक्कल सुधारून देत असे.

माझी बायको सुमन तेव्हा गरोदर होती. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण तिला आई नव्हती, म्हणून ते आमच्याच घरी होणार होतं. जूनमध्ये डीडीटीची फवारणी आली. खिल्लारेंनी स्वतः पुढे होऊन बाळंतिणीसाठी ठेवलेली खोली कानाकोपऱ्यापर्यंत फवारून घेतली आणि माझ्या आईला बजावलं, "माय, या भिंतीला तीन महिने हात लावू नका."

दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं शेणाचा काला करून सगळी खोली वरपासून खालपर्यंत सारवून काढली. सांगायला कारण वासाचं होतं. खरी गोष्ट अशी की बौद्ध माणूस ओसरीपर्यंत आलेला तिला चालत होता; खोलीत शिरला आणि भिंत बाटली. आई सारवत होती तेव्हा मी ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होतो. पंधरा ऑगस्टला समतेवर भाषण दर वर्षी मीच करायचो, पण ऑगस्ट अजून लांब होता.

पुढच्या खेपेला खिल्लारेंनी दारातूनच भिंतीवर नख फिरवलं आणि वास घेतला.

"औषधावर पांघरूण घातलंत की, माय. आता डास निवांत झोपतील."

"आमची भिंत हाय. आमी सारवू न्हाईतर चाटू!"

महिन्याभरात सुमनला ताप भरू लागला. एक दिवस बरी, एक दिवस आजारी. दुपारी तिचे दात वाजायला लागत, चार गोधड्या पुरत नसत, मग घामानं अंथरूण चिंब. आईनं दृष्ट काढली, गंडा बांधला. एके दिवशी सुईण पोटावर हात ठेवून म्हणाली, "लेकरू हलायचं कमी झालंय." मी तेव्हा फार घाबरलो, आणि घाबरलो म्हणून गप्प बसलो.

कुणी निरोप दिला देव जाणे, पण मंगळवार नसताना खिल्लारे दारात उभे राहिले. आई उंबऱ्यात आडवी आली.

"गोळी द्यायची न्हाई. लय गरम असती. पोट पडतंय तिनं."

खिल्लारेंनी पेटीतून एक गोळी काढली, आईसमोर कोरडीच गिळली आणि सवयीनं आऽ सुद्धा करून दाखवलं.

"तुझं कुठं पोट पडायचं हाय, मुडद्या!" आई म्हणाली.

मला हसू आलं. त्या हसण्याची लाज मला अजून वाटते. कारण दुसऱ्या क्षणी खिल्लारेंनी हात जोडले होते.

"माय, गोळीनं न्हाई, तापानं पडतंय. बाई बी जाती अन् लेकरू बी. मला ठावं हाय. मी आत येत न्हाई, हितंच ओसरीवर बसतो. खिडकीतनं बोट द्या नुसतं."

आई हलली नाही. मीही हललो नाही. तेवढ्यात खिडकी उघडली आणि गजांमधून एक हाडकुळा हात बाहेर आला.

"टोचा, भाऊ," सुमन म्हणाली. "अन् गोळ्या बी द्या. ताप मला यायलाय, आत्याबाईला न्हाई."

थेंब घेतला, गोळ्या दिल्या, गजांतून "आऽ करा, जीभ वर" झालं. पुढचे आठ दिवस खिल्लारे रोज दोन कोस सायकल मारून यायचे, खिडकीखाली बसायचे आणि ताप नाही हे ऐकून जायचे. काचपट्टीचा निकाल तीन आठवड्यांनी आला. हिवतापच होता. तोवर सुमन उठून भाकऱ्या थापत होती.

मुलगी झाली. तिसऱ्या दिवशी खिल्लारे हजर. "माणूस वाढलंय, भिंतीला कळायला नको?" आईनं बाळ उंबऱ्यापर्यंत आणून दाखवलं. ते इतका वेळ बघत राहिले की आईनं बाळावर पदर ओढला. मग त्यांनी आमच्या भिंतीवरचे तीन पुसून चार केले.

बारशाला बोलावलं होतं, ते आले नाहीत. आईनं पितळी डब्यात घुगऱ्या भरल्या आणि म्हणाली, "त्या मलेरियावाल्याला देऊन ये. डबा वापस आणू नको." यात माया किती आणि सोवळं किती, हे मला अजून वेगळं करता आलेलं नाही.

वालूरला त्यांची एक खोली होती. दाराला कडी होती. शेजारी गेरूनं नेहमीचं अक्षर: परवाची तारीख, ताप नाही, माणसं तीन.

"घरातली मंडळी कुठे गेली?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"कुठली मंडळी, गुरुजी? एकलेच ऱ्हातेत. चार वर्षं झाली. बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेल्ती, येलदरीकडं. तिथं तापात गेली, लेकरू पोटातच. तिच्या माहेरच्या भिंतीवर तारीख होती म्हणं, पण टोचायला कुणी आलंच नव्हतं."

मी पुन्हा भिंतीवरचं 'माणसं तीन' वाचू लागलो. थोड्या वेळानं सायकल वाजली. खिल्लारे उतरले, मी काय वाचतो आहे ते त्यांनी पाहिलं. विहिरीतल्या म्हाताऱ्याला तासभर ताटकळत ठेवणारा तो माणूस माझी नजर चुकवू लागला.

"हितं तपासायला कुणी येत न्हाई, गुरुजी," ते म्हणाले, आणि डबा घेऊन आत गेले.